चिंगी आधी की कोको आधी?

यावेळी टपालाने आणि मेलवर मिळून जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीबद्दल निघाले, घरात दोन कुत्री आहेत आणि पटत नाही, किंवा एक आहे आणि दुसरं आणायचंय पण भीती वाटते. म्हणून खाण्यापिण्याचे, केस गळण्याचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, आज फक्त हेच. पहिलं पत्र मोठं आहे पण मी ते जवळजवळ पूर्ण देतेय, कारण त्यात घडलेलं एकेक बारीकसारीक उत्तरासाठी लागणार आहे.

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो, घरी मी, हे आणि सासूबाई. आमची चिंगी देशी आहे, ९ वर्षांची, पावसाळ्यात गेटपाशी भिजत बसलेली सापडली तेव्हापासून आमच्याकडेच. गेल्या दिवाळीनंतर मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि त्याची लॅब्रॅडॉर कोको आमच्याकडे आली, ती आता सव्वादोन वर्षांची आहे. दोघी माद्या, चिंगीचं ऑपरेशन झालंय, कोकोचं नाही. पहिले ३ महिने काहीच नाही, उलट एकत्र झोपायच्या, फोटो काढून मुलाला पाठवायचो. मग रंगपंचमीला घरात पाहुणे होते, सगळ्यांचं दारातून आत-बाहेर चाललं होतं आणि कोको एकदम चिंगीच्या मानेला लागली. त्यानंतर अजून तीनदा झालं. एकदा सासूबाई शेवटची पोळी कुत्र्याची म्हणून मागच्या दारात टाकतात तेव्हा. एकदा सकाळी कचरा गाडी आली आणि दोघी गेटवर भुंकत होत्या तेव्हा. आणि एकदा हे संध्याकाळी घरी आले, पॅसेजमध्ये दोघी एकदम धावल्या तेव्हा. त्यात यांनी हात मध्ये घातला, अंगठ्याला दात लागून रक्त आलं, पण घरचीच कुत्री आहे, इंजेक्शनं वेळच्या वेळी होतात, म्हणून डेटॉल लावून सोडून दिलं. आम्ही एक ट्रेनर बोलावले, ते म्हणाले कोको डॉमिनंट झालीय, तिला रोज उताणी पाडून मानेला धरून ठेवा ती ढिली पडेपर्यंत, लीडर तुम्ही आहात हे तिला कळलं पाहिजे. सासूबाई म्हणतात चिंगी थोरली, मान तिचा, तिला आधी वाढा. हे म्हणतात जिंकतेय कोको, तर तिलाच वर मानू म्हणजे मिटेल एकदाचं. मला काही सुचेनासं झालंय. चिंगी आता दिवसभर दिवाणाखाली असते. दोघींपैकी एकीला कुणाला तरी द्यावं लागेल का? लिहिताना रडू येतंय.

उत्तर: काकू, आधी काकांचा हात. घरचं कुत्रं आणि लस झालेली, दोन्ही खरं असलं तरी दात लागून रक्त आलं की डॉक्टरांना दाखवायचंच. खरं तर त्याच वेळी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते, घड्याळ लावून पंधरा, हळद चुना तेल काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लस द्यायची का, टिटॅनसचं काय, ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही. आता इतके दिवस झाले म्हणून राहू देऊ नका, हा अंक वाचताय त्याच दिवशी जा, आणि जाताना दोघींची लसीकरणाची पुस्तकं बरोबर न्या.

आता दोघींचं. तुमच्या घरात तिघांनी तीन उपाय सांगितले पण तिघांच्याही डोक्यात प्रश्न एकच आहे, की दोघींत वरचढ कोण. मला कळकळीने सांगायचंय की हा प्रश्न थोडे दिवस सोडून द्या. त्याऐवजी दोघी कुठे, कधी आणि कशावरून भांडल्या ते बघा, तुम्ही पत्रात ते सगळं लिहिलंच आहे. पोळी. गेट. पॅसेज. पाहुण्यांची गर्दी. चारही वेळा जागा अरुंद होती, दोघी आधीच तापलेल्या होत्या आणि मध्ये काहीतरी एकच होतं, एक पोळी, एक दार, एकटे काका. मला यात राज्य करायला निघालेली कोको दिसत नाही, गोंधळलेली कोको दिसते आणि घाबरलेली चिंगी दिसते.

हे डॉमिनन्सचं आलं कुठून ते सांगते, कारण ट्रेनर लोक इतक्या खात्रीने बोलतात की आपल्याला वाटतं सायन्सच आहे. नॉर्वेमध्ये थोर्लिफ श्येल्डेरुप-एब्बे म्हणून एक जण होते, लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण करायचे, त्यांनी १९२० च्या सुमारास मांडलं की कोण कुणाला टोचणार याची कोंबड्यांमध्ये उतरंड असते. मग १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं आणि तिथून पुढे 'अल्फा' लांडगा, म्हणजे बाकीच्यांना हरवून सगळ्यांच्या वर बसलेला, लोकांच्या डोक्यात बसला. पण ते लांडगे कोंडलेले होते, थोड्याशा जागेत, भांडण झालं तर निघून जायला वाटच नाही. अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना आणखी पसरली, आणि मग याच मेक साहेबांनी १९८६ पासून कॅनडाच्या एल्समिअर बेटावर उन्हाळ्या-उन्हाळ्यात जाऊन मोकळे लांडगे जवळून पाहिले तर काय दिसलं, की कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, कुणी कुणाला हरवून गादीवर बसलेलं नाही, आपल्या घरात आई-वडील जसे मोठे असतात तसे ते मोठे. १९९९ मध्ये त्यांनी स्वतः लिहिलं की अल्फा हा शब्द इथे बसत नाही. स्वतःच्याच पुस्तकातली गोष्ट चुकली असं उघड सांगणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पण कुत्री पाळणाऱ्यांपर्यंत पहिली गोष्ट पोचली, दुसरी पोचलीच नाही.

याचा अर्थ कुत्र्यांमध्ये लहान-मोठं काहीच नसतं असं मी म्हणत नाहीये, असतं. रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांच्या एका टोळीचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला, त्यात वयाने मोठी कुत्री साधारणपणे वर होती, म्हणजे तुमच्या सासूबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण ही उतरंड दिसते कशात, तर खालचं कुत्रं आपणहून जे करतं त्यात, मान वळवणं, अंग बारीक करणं, तोंड चाटायला जाणं, वाट सोडणं. शांतता राखते ती वाट सोडणारी. ते वरच्याने मारून घ्यायचं नसतं आणि तिसऱ्याने, म्हणजे आपण, करवून तर अजिबात घ्यायचं नसतं. शिवाय ते वस्तूवस्तूप्रमाणे बदलतं, बॉल एकीचा, सोफ्याचा कोपरा दुसरीचा, आणि दोघींना ते माहीत असतं. म्हणून 'कोको डॉमिनंट आहे' हे 'कोको तपकिरी आहे' सारखं बोलता येत नाही, काय मिळवण्यावरून आणि कुणासमोर, एवढं जोडल्याशिवाय त्या वाक्यातून काही कळत नाही.

उताणी पाडायचं आजच बंद करा काकू. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे मोती आणि काळू होते, काळू नवीन, मलाही एका ट्रेनरने हेच शिकवलं आणि मी महिनाभर ते मनापासून केलं. काळूने गुरगुरणं सोडलं. मला वाटलं जमलं. मग एका दुपारी काही आवाज न करता त्याने सरळ मोतीचा कान फाडला. गुरगुरणं म्हणजे त्याची सूचना होती, लांब राहा अशी, आणि मी ती मारून टाकली होती. पोटात राग तसाच होता, वर मोती दिसला की आपल्याला आडवं पाडतात हे त्याने शिकून ठेवलं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. कुत्रं आपणहून पोट दाखवतं ती वेगळी गोष्ट, आपण धरून पाडलं की त्याला जिवाची भीती वाटते आणि अशा वेळी तोंडाजवळ असलेल्या माणसालाच दात लागतात. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन बघणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच या असल्या पद्धतींविरुद्ध लेखी भूमिका घेतली होती.

मग भांडणं मार्चमध्येच का सुरू झाली? मला तीन कारणं दिसतात आणि तिन्ही एकदम असू शकतात. एक, वय. साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्री मनाने मोठी होतात, पिल्लू म्हणून जे सोडून दिलं जात होतं ते संपतं, आणि बऱ्याच घरांत पहिली मारामारी याच वयात होते. दुसरं, कोकोचं ऑपरेशन झालेलं नाही. कॅलेंडर काढा आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये माजावर आली होती का ते आठवा, त्या दिवसांत आणि नंतरच्या दोनेक महिन्यांत काही माद्या चिडचिड्या होतात, खोट्या गाभणपणात खेळणी, गादी, कोपरा राखत बसतात. ऑपरेशन कधी करायचं ते डॉक्टरांना विचारा, माज संपल्या संपल्या सहसा करत नाहीत. पण ऑपरेशन झालं की भांडण संपलं असं धरून चालू नका, दोन माद्यांचं एकदा बिनसलं की ते शिकलेलं राहतं. तिसरं, आणि मला याचीच जास्त काळजी आहे, चिंगीचं अंग. ९ वर्षांची कुत्री दिवाणाखाली जाऊन बसते तेव्हा ती भीतीने बसली असेल किंवा दुखतंय म्हणूनही. कंबर, गुडघे, दात, कान, गोचीड-ताप, नजर कमी होणं, हे सगळं तपासून घ्या, रक्त तपासा. दुखणाऱ्या कुत्रीला धक्का लागला की ती आधी फिस्कारते, तरुण कुत्रीला त्याचा अर्थ कळत नाही आणि ठिणगी पडते. जवळच्या डॉक्टरांना कळत नसेल तर महूचं पशुवैद्यकीय कॉलेज आपल्याला फार लांब नाही.

२०११ मध्ये अमेरिकेत एकाच घरातल्या भांडणाऱ्या ३८ जोड्यांचा अभ्यास झाला होता. त्यातल्या ३० जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, निम्म्याहून जास्त जोड्यांत मादी होती, आणि बहुतेक वेळा सुरुवात करणारी नवीन आलेली आणि वयाने लहान. तुमचं घर त्यात तंतोतंत बसतं, म्हणजे तुमच्या हातून काही वेगळंच पाप झालंय असं मनात आणू नका. त्या घरांना उपयोग कशाचा झाला, तर 'आधी बस, मग मिळेल' या साध्या नियमाचा बराच झाला. जेवण, पट्टा, दार उघडणं, लाड, काहीही हवं असेल तर आधी खाली बसायचं, दोघींनी. यात कुणाला दाबायचं नाहीये, दोघींना एवढंच समजतं की धावून गेल्याने मिळत नाही, थांबल्याने मिळतं आणि दरवेळी मिळतं.

आता रोजचं. पहिले दोन आठवडे दोघींना मोकळं एकत्र ठेवायचंच नाही. पॅसेजच्या तोंडाशी जाळीचं दार लावून घ्या, सुतार एका दिवसात करून देतो, आणि सुरुवातीला त्यावर जुनी चादर टाका म्हणजे टक लावून बघणंही बंद. दोन-दोन तासांनी आलटून पालटून एक बाहेर एक आत. घर मोठं नसेल तर कंटाळवाणं होतं, मला माहिती आहे, पण प्रत्येक नवीन भांडण आधीच्या दहा चांगल्या दिवसांवर पाणी ओततं म्हणून एवढं करा. जेवण वेगवेगळ्या खोलीत, दार लावून, आणि खाऊन झालं की ताटल्या उचलायच्या. हाडं, चघळायच्या वस्तू एकत्र असताना कधीच नाही.

सासूबाईंची शेवटची पोळी बंद करू नका. त्यांचा तो नेम आहे आणि कुत्र्यांनाही तो माहीत आहे. फक्त पोळीचे दोन तुकडे करायचे, एक चिंगीला मागच्या दारात, दुसरा कोकोला पुढच्या खोलीत, हातातून, खाली बसली की. जमिनीवर टाकायचं नाही, जमिनीवर पडलेली पोळी जी आधी पोचेल तिची होते. आधी कुणाला हे विचारलंत तर मी चिंगीला देईन, ती हळू आहे आणि कोकोला थांबायला शिकायचंच आहे, पण ज्या दिवशी कोको आधी शांत बसली त्या दिवशी तिला आधी दिलं तरी काही बिघडत नाही. काकांनी म्हटलं तसं कोकोला वर मानून चिंगीला मागे सारू नका मात्र, जी आधीच दिवाणाखाली गेलीय तिला अजून कुठे सारणार.

कचरा गाडीचं सोपं आहे कारण इंदूरमध्ये ती ठरल्या वेळेला येते आणि गाणं दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येतं. गेटवर गाडीकडे भुंकत असलेल्या दोघी एकमेकींवर का उलटतात, तर राग गाडीवर असतो, गाडीपर्यंत जाता येत नाही आणि बाजूला जी असते तिच्यावर तो निघतो. गाणं कानावर आलं की कोकोला मागच्या खोलीत न्या आणि दार लावून चघळायला काहीतरी द्या. दोन आठवड्यांनी तिला पट्ट्यात धरून गेटपासून लांब उभं करा आणि गाणं सुरू झालं की बिस्किटाचे बारीक तुकडे देत राहा, गाणं संपलं की तुकडे बंद. महिन्याभरात गाणं ऐकून ती गेटकडे न पळता तुमच्याकडे बघायला लागेल. काका घरी येतात तेव्हाही हेच, त्यांनी गल्लीतून फोन करायचा, दोघी जाळीच्या दोन बाजूंना, आणि आत आल्यावर पहिली पाच मिनिटं कुणाचेच लाड नाहीत, चप्पल काढा, पाणी प्या, मग एकेकीला.

दोघींची परत ओळख घराबाहेर करायची. सकाळी साडेपाचला, उन्हाळा आहे, नंतर डांबर तापतं. दोन माणसं, दोन पट्टे, मोकळं मैदान, मध्ये वीस-पंचवीस पावलांचं अंतर, दोघी एकाच दिशेने चालताहेत, समोरासमोर आणायचं नाही. अंग सैल आहे, हुंगत चालल्यात, शेपूट मध्यावर हलतेय, असं असेल तर दुसऱ्या दिवशी दोन पावलं कमी. एखादी ताठली, तोंड मिटून थिजली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, की अंतर वाढवा, रागवायचं नाही. भांडणाच्या आधी ही अशी दोन सेकंदांची थिजलेली शांतता जवळजवळ नेहमी असते, ती ओळखायला आली ना की अर्धं काम झालं, तेवढ्यात नाव घेऊन एकीला हसतमुखाने लांब बोलवता येतं. दोघींना कापडी नाही, जाळीची मझल (तोंडाला बांधतात ती) घालायची सवय खाऊ देऊन लावून ठेवा, त्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, आणि तुमचीही छाती धडधडत नाही, ते कुत्र्यांना कळतं.

आणि तरीही लागल्याच तर हात मध्ये नाही, गळ्यातल्या पट्ट्याला तर नाहीच. जाड चादर अंगावर टाका, बादलीभर पाणी, स्टीलची थाळी जमिनीवर आपटा, खुर्ची किंवा पाट मध्ये सरकवा. काहीच लागू पडलं नाही आणि दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकीचे मागचे पाय वर उचलून मागे ओढायचं, हातगाडी ओढतो तसं, आणि लगेच दाराच्या दोन बाजूंना. त्यानंतर दोन-तीन दिवस वेगळ्याच, लगेच 'सॉरी म्हण' करून समोर आणायचं नाही.

एकीला द्यावं लागेल का. आत्ता मला तसं वाटत नाही, ३ महिने दोघी एकत्र झोपल्यात ही फार मोठी जमेची बाजू आहे. दोन-तीन महिने हे सगळं करून बघा, त्यातले पहिले दोन आठवडे फार जड जातील. पण टाके पडण्याइतकं लागायला लागलं, किंवा चिंगी खाणंच सोडून बसली, तर कोकोसाठी मुलाच्या ओळखीतलं, दुसरी मादी नसलेलं घर शोधणं यात काही कमीपणा नाही. चिंगीला मात्र या वयात हलवू नका. आणि तिला दिवाणाखालून ओढून काढू नका, तिथेच तिची गादी आणि पाणी ठेवा.

प्रश्न: ताई, आम्ही रामबागेत राहतो. दोन नर आहेत, शेरू ४ वर्षांचा आणि बंटी दीड वर्षाचा, दोघांचं ऑपरेशन झालंय. बंटी खेळता खेळता शेरूवर चढतो. बाबा म्हणतात तो शेरूला दाखवून देतोय की बॉस मी आहे, आणि बंटीला चपलेने मारतात. दोघे खेळताना गुरगुरतात पण खूप, भांडण आहे की खेळ तेही कळत नाही.

उत्तर: बाबांना सांग चप्पल पायातच बरी. ऑपरेशन झालेले नर, अगदी माद्यासुद्धा, असं चढतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे जास्तीची एक्साइटमेंट असते, पाहुणे आले, खेळ रंगला, काय करावं सुचेना की चढायचं. लहान मुलं लग्नात उगाच हॉलभर धावत सुटतात तसंच. बघायचं शेरूकडे. तो अंग झटकून परत खेळायला जातो का? मग सोडून दे. तो ताठतो, निसटायला बघतो, आणि बंटी तरी चिकटून आहे, तर बंटीला हाक मारून दोन मिनिटं दुसरीकडे ने, शांत झाला की परत सोड. हे अचानक सुरू झालं असेल आणि तो सारखा खाली चाटत असेल तर लघवीचं इन्फेक्शन तपासून घे.

खेळ ओळखायचा असेल तर आवाजावर जाऊ नकोस, खेळात मोठमोठ्याने गुरगुरतात. पुढचे पाय पसरून मागचं वर करतात का, पाठलाग आलटून पालटून होतोय का, आता हा खाली मग तो खाली, मोठा मुद्दाम हरतोय का, मध्येच थांबून परत सुरू करतात का. शंका आली तर वर असलेल्याला पट्ट्याला धरून क्षणभर बाजूला घे, खालचा उठून परत त्याच्याच अंगावर उडी मारायला आला तर खेळ होता, शेपूट घालून निघून गेला तर नव्हता. घरी बसल्या बसल्या करता येतो हा प्रयोग.

प्रश्न: मी लोकमान्य नगरमध्ये राहणारा निवृत्त शिक्षक. आमचा पॉमेरेनियन पिंकू ११ वर्षांचा झाला. त्याला सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर तो गेल्यावर आम्हा दोघांना घर खायला उठेल म्हणून, एक पिल्लू आणावं असं सौ. म्हणते. एकाच वेतातली दोन भाऊ-भाऊ मिळताहेत, एकमेकांशी खेळतील, पिंकूला त्रास देणार नाहीत. आणावीत का?

उत्तर: सर, तुम्ही दुसरं कारण लपवलं नाहीत त्याबद्दल मनापासून आभार, कारण निर्णय त्याच्यावरच घ्यायचाय. पिल्लू तुम्हाला हवंय. पिंकूला त्याच्या या वयात शांत झोप, ठरलेल्या वेळचं जेवण आणि तुम्ही हवे आहात. दोन महिन्यांचं पिल्लू त्याची शेपूट ओढणार, दिवसातून चाळीसदा अंगावर पडणार, दुखऱ्या कंबरेच्या कुत्र्याला ती सोबत वाटत नाही.

दोन भाऊ एकदम तर मुळीच नकोत. ते एकमेकांतच इतके गुंततात की माणसांकडे लक्ष देत नाहीत, एकाला बाहेर नेलं की दुसरा रडून घर डोक्यावर घेतो, आणि दीड-दोन वर्षांचे झाले की त्यांच्यातच जुंपू शकते, दोघे नर, दोघे एका वयाचे, वर त्यांच्या अंगात ताकद पिंकूच्या तिप्पट. दोन पिल्लांना रोज वेगवेगळं फिरवणं, शिकवणं तुम्हा दोघांना झेपणार नाही असं मला वाटतं, राग मानू नका.

माझं मत विचारत असाल तर चार-पाच वर्षांची, ऑपरेशन झालेली, स्वभावाने सुस्त अशी एखादी देशी मादी बघा. नर-मादी जोडी सहसा जमते, आणि मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आणताना दिसतो तरी, पिल्लाचा पुढे काय होईल ते सांगता येत नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना म्हणा की थेट घरी आणायची नाही, आधी तीन-चार वेळा बाहेर, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दोघांना पट्ट्यात बाजूबाजूने फिरवू. पिंकू तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत असेल, रस्ता हुंगत असेल, तर ते चांगलं लक्षण समजा, लगेच गळ्यात गळे पडायला नकोत. घरी आणाल त्या दिवशी आधी पिंकूची ताटली, गादी, खेळणी उचलून आतल्या खोलीत ठेवा, आणि ती खोली त्याचीच राहू द्या, तिला तिथे जायचं नाही. सोफ्यावर तुमच्याशेजारची जागाही त्याची. तो तिच्यावर गुरगुरला तर त्याला रागावू नका, तिला हाक मारून बाजूला घ्या. आणि पिंकूला या वयात रात्री बाहेर जायला लागत असेल तर दार उघडायच्या आधी ती कुठे झोपलीय ते बघून दिवा लावा, अंधारात तो तिच्या अंगावर पाय देईल.